तिच्याच मशीनवर चालणारा प्रोग्रॅम

माझी मैत्रीण गेली, त्यानंतर चौदाव्याला भाऊजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, तिचं कपाट उघडलं आणि जमलेल्या बायकांना तिच्या साड्या वाटल्या. जावेला एक, नणंदेला एक, धाकट्या बहिणीला दोन. मग माझ्याकडं वळून ते म्हणाले, "ताई, तुम्ही ही घ्या. तुम्हाला आवडायची असं ती म्हणायची." मोरपंखी इरकल होती. मला तिची राखाडी सुती साडी आवडायची, पण ती कुणीतरी आधीच नेली होती. मी इरकल पिशवीत ठेवली आणि बसून राहिले.

साड्या संपल्यावर भाऊजींनी आतल्या खोलीकडं हात केला. "आणि तो कॉम्प्युटर हिला," ते म्हणाले.

ही म्हणजे दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली निलंग्याची मुलगी. मी तिला मुलगी म्हणते, पण ती तिशीच्या पुढची आहे आणि लातूरच्या एका कॉलेजात संगणक शिकवते. डोळे रडून सुजलेले होते. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "सर, नेत नाही मी. इथंच राहू द्या. मी येऊन काम करत जाईन."

कुणीतरी म्हणालं, किती माया लावली होती हिनं. मी पिशवीची नाडी आवळत होते. माझ्या वाट्याला साडी आली होती आणि तिच्या वाट्याला खोली.

आम्ही दोघी, म्हणजे माझी मैत्रीण आणि मी, नांदेडला एकाच कॉलेजात होतो. मी ग्रंथपाल, ती संगणक विभागात. तिला वाचायचं वेड होतं, म्हणून ती माझ्याकडं येऊन बसायची. मला तिच्या विषयातलं काहीच कळत नव्हतं, म्हणून तिनं मला हळूहळू शिकवलं. त्यातून आमचा प्रोग्रॅम झाला. तालुक्याच्या लहान वाचनालयांसाठी होता तो. पुस्तकांची नोंद, देवघेव, मराठीत शोध. कॉम्प्युटरवर एकदा टाकला की इंटरनेट नसलं तरी चालायचा, कारण किनवटकडच्या वाचनालयांत तेव्हा इंटरनेट आलं तरी टिकत नसे. प्रोग्रॅम लिहायची ती, पण काय लिहायचं ते मी सांगायची. वाचक येतो आणि म्हणतो, ते हिरव्या कव्हरचं पुस्तक द्या, मागच्या महिन्यात नेलं होतं ते. तर मुखपृष्ठाच्या रंगाचा एक रकाना पाहिजे, असं मी म्हणाले. ती खूप हसली. हसून झाल्यावर तिनं तो रकाना केला.

पुढं भाऊजींची बदली झाली आणि ती लातूरला गेली. लातूर काही लांब नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटी सकाळी निघाली की दुपारच्या जेवणाला पोचते. सुरुवातीला मी जायचे, ती यायची, फोन तर रोजचाच होता. मग तिला नवीन कॉलेजात ही मुलगी भेटली, आणि दोघींनी मिळून प्रोग्रॅम नव्यानं बांधायला घेतला. फोनवर मैत्रीण सांगायची, "आम्ही देवघेवीचा पडदा बदलला. आम्ही लेबलं छापायची सोय केली." मी "हो का, छान" म्हणायचे. इतकी वर्षं तिच्या तोंडचं 'आम्ही' मला ऐकून माहीत होतं. त्यात मी असायचे. आता ते ऐकलं की मला विचारावंसं वाटायचं, आम्ही म्हणजे कोण गं? विचारलं कधीच नाही. मी तशी गप्प माणूस आहे. माझा हेवाही गप्पच असायचा, त्यामुळं तो कुणाला दिसला नाही. तिलाही दिसला नसावा. निदान मला तसं वाटायचं.

ती पावसाळ्याच्या अखेरीला गेली. दवाखान्यात मी भेटायच्या वेळेत जायचे, फळं घेऊन. निलंग्याची मुलगी भेटायला आलेली नसायची, ती तिथंच असायची.

उमरीचा फोन आला तो थंडी सरताना. उमरी तालुक्यातल्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल काका सगळ्यात आधी आमचा प्रोग्रॅम वापरायला लागले होते. व्होल्टेज वाढून त्यांचा जुना कॉम्प्युटर जळाला. पुस्तकांची माहिती दुसरीकडं ठेवलेली होती, ती वाचली. कुणीतरी नवा कॉम्प्युटर देणगी दिला. त्यावर काकांनी लातूरहून आलेला प्रोग्रॅम टाकला, आणि तो उघडेना.

"मॅडम, लई परेशान करून राहिलंय हे," काका म्हणाले. "कुड नॉट लोड म्हणतंय. कशाचा लोड झाला म्हणावं याला? आजून तर एक बी पुस्तक दिलं न्हाई."

"पुढं काय लिहिलंय, काका?"

"लई लांबलचक हाय. तुमच्या त्या छापखान्याचं नाव हाय बघा त्यात."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. वार्षिक पुस्तक पडताळणी तोंडावर आली होती. समितीतले तरुण सदस्य म्हणत होते, हा जुना प्रोग्रॅम सोडा, कंपनीचा ऑनलाइन घ्या. कंपनीचा माणूस येऊन दाखवूनही गेला होता. "मी त्यांना थांबवून ठेवलंय," काका म्हणाले. "पण पडताळणीच्या आत हे चालू झालं न्हाई, तर माझं कोण ऐकणार? आन् उमरीनं सोडलं की हदगाव सोडतंय बघा. मग किनवटवाले कशाला थांबतेत."

मला ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. एवढ्या तीन-चार ठिकाणीच आता तो प्रोग्रॅम चालू होता. तिथून गेला की तो कुठंच नव्हता. तिनं हातानं केलेली, रोज कुणाच्या तरी बोटांखाली चालणारी तेवढीच एक गोष्ट उरली होती. आणि मला आणखी एक पाहिजे होतं, ते इथं लिहिते. तो प्रोग्रॅम वाचावा, आणि तो मी वाचवावा.

प्रोग्रॅम म्हणजे एकच फाइल नसते. एक मुख्य फाइल असते, आणि ती चालू झाली की आपल्या कामाचे तुकडे दुसऱ्या फायलींमधून बोलावून घेते. या तुकड्यांना असेंब्ली म्हणतात. आमच्या प्रोग्रॅममधल्या तुकड्यांना मैत्रिणीनं मराठी नावं दिली होती. शोधाचा तुकडा 'धुंडाळा', आणि पुस्तकांची कार्डं छापणारा 'छापखाना'. एखादा तुकडा सापडला नाही की मुख्य फाइल अडून बसते आणि इंग्रजीत एक निरोप देते. काकांनी त्या निरोपाचा फोटो पाठवला. छापखाना ही असेंब्ली लोड करता आली नाही, असं त्यात होतं.

मी फोल्डरचा फोटो मागवला. छापखाना तिथं होता. नाव बरोबर, जागा बरोबर. ग्रंथपालाला यादीत नाव सापडलं आणि मांडणीवर पुस्तक सापडलं की तिचं काम संपतं. तेव्हा माझं ठरलं की निरोपच खोटा आहे, किंवा फाइल खराब आहे. लातूरहून आलेला प्रोग्रॅम मी माझ्या लॅपटॉपवर टाकून पाहिला. तिथंही तेच.

मग निलंग्याच्या मुलीला फोन केला. खूप वेळ टाळून केला.

"इथं तर चालतंय की, मॅडम," ती म्हणाली.

"इथं म्हणजे?"

"ताईंच्या मशीनवर. आत्ता तुमच्याशी बोलत बोलत उघडला बघा. मस्त चालू आहे."

मैत्रिणीला ती ताई म्हणायची आणि मला मॅडम. दोन्ही बरोबरच होतं. तरी मला ते लागलं. मी म्हणाले, "तुमच्याकडं चालत असेल. उमरीला चालत नाही." आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी एक गोष्ट केली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर तिच्या नांदेडच्या दिवसांतला प्रोग्रॅम होता, आम्ही दोघींनी केलेला. त्यातला छापखाना मी उचलला. नाव तेच होतं. लातूरचा छापखाना खराब असेल तर आमचा घालू, असा विचार केला. फाइल कॉपी करताना मला जे वाटत होतं त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. त्या मुलीनं केलेला तुकडा काढून तिथं माझ्या वेळचा बसवताना मला बरं वाटत होतं. प्रोग्रॅम चालू केला तर निरोप बदलला. असेंब्ली सापडली, पण मागितलेल्या आवृत्तीशी ती जुळत नाही, असं आता तो सांगत होता.

माझ्या ग्रंथालयात कुणी तिसरी आवृत्ती मागितली आणि माझ्याकडं पहिलीच असली, तर मी म्हणते, हीच न्या, फारसा फरक नाही. वाचक नेतात. प्रोग्रॅम नेत नाही. त्याला लातूरचीच पाहिजे होती, नंतरची. मी माझी फाइल काढून घेतली आणि लॅपटॉप बंद केला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळची लातूरची एसटी पकडली.

दार निलंग्याच्या मुलीनं उघडलं. भाऊजी आत पेपर वाचत होते.

"या ताई," ते म्हणाले. "बरं झालं आलात. हिला म्हणत होतो, नांदेडची मॅडम फोनवर रागावली वाटतं."

"रागावले नाही मी."

"नाही हो सर, रागावल्या नव्हत्या. फोन कट झाला," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता स्वयंपाकघरात गेली. आतून विचारलं, "सुशीला चालतो ना, मॅडम? चुरमुरे भिजवलेतच." मग भाऊजींना, "सर, कालचं दूध संपवते बरं का."

मी इतक्या वर्षांत त्या घरात किती वेळा राहिले असेन, पण साखरेचा डबा कुठं आहे हे मला दर वेळी विचारावं लागायचं. मैत्रीण म्हणायची, तू बस गं, पाहुणी आहेस. मला ते प्रेमाचं वाटायचं. आता सोफ्यावर बसून मी आतल्या डब्यांचे आवाज ऐकत होते, एक डबा, दुसरा डबा, शेंगदाण्यांचा, मिरचीचा, आणि ती एकदाही चुकत नव्हती.

खाऊन झाल्यावर आम्ही आतल्या खोलीत गेलो. कॉम्प्युटरच्या डब्यावर हळदीकुंकवाचं वाळलेलं बोट होतं. घरात वर्षभर सण करायचे नव्हते, पण खंडेनवमीला या मुलीनं भाऊजींना विचारून तेवढी मशीनची पूजा केली होती. ताई दरवर्षी करायच्या म्हणून. इंटरनेटची वायर काढून भिंतीला गुंडाळून ठेवलेली होती.

"ही का काढलीय?"

"आपोआप काहीतरी अपडेट होतं हो मॅडम. मला नको होतं ते. ताईंनी जसं ठेवलं तसंच आहे सगळं. मी त्यांच्या मशीनवर काहीच टाकत नाही, काहीच काढत नाही. प्रोग्रॅम बांधायचा तरी इथं येऊनच बांधते. माझा स्वतःचा लॅपटॉप आहे, पण त्यावर नाही करत."

असं म्हणून ती खुर्चीवर बसली. मी तिच्या शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर. प्रोग्रॅम झटकन उघडला. पुस्तक-नोंदीचा पडदा मी पाहत राहिले. सगळं सुबक झालं होतं. मग माझ्या लक्षात आलं.

"मुखपृष्ठाच्या रंगाचा रकाना कुठाय?"

"तो काढला, मॅडम. कुणी भरतच नव्हतं."

"कुणी काढला?"

"ताईंनीच."

"मी भरते," मी म्हणाले. "माझ्या जुन्या लॅपटॉपवर आमच्या ग्रंथालयातल्या प्रत्येक पुस्तकाचा भरलाय."

ती खाली बघत होती. मग हळूच म्हणाली, "परत टाकू का?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण काकांची समिती आणि कंपनीचा माणूस डोळ्यांपुढं होता. "नको," मी म्हणाले. "आधी उमरीला उघडू दे."

तो निरोप मी तिला दाखवला. तिनं तो मोठ्यानं वाचला, अगदी शेवटपर्यंत. मी त्यातलं नाव वाचून थांबले होते. पुढं लिहिलं होतं, किंवा ती जिच्यावर अवलंबून आहे अशी एखादी फाइल.

"छापखाना आहे, पण छापखान्याला आणखी कुणीतरी लागतंय," ती म्हणाली. "ते इथं आहे आणि तिथं नाही."

"कोण लागतंय?"

"तेच तर कळत नाही. इथं तक्रारच येत नाही ना."

मी माझा लॅपटॉप पिशवीतून काढला. जे बोलायचं होतं ते मला आवडत नव्हतं. "माझ्यावर येते तक्रार," मी म्हणाले. "माझ्या मशीनवर तिचं काहीच नाही. त्यावर बघू."

तिनं माझ्या लॅपटॉपवर एक छोटं साधन टाकलं. प्रोग्रॅम कुठली फाइल मागतोय, ती कुठंकुठं शोधतोय आणि सापडली की नाही, हे ते ओळीनं दाखवतं. ओळी भराभर सरकू लागल्या. या यादीत मला माझं काम दिसलं. ती वरून वाचत होती, मी खालून वाचायला लागले, कारण हरवलेलं पुस्तक शोधताना मी नेहमी शेवटच्या मांडणीपासून सुरू करते. "इथं," मी म्हणाले. एकच फाइल तो पुन्हा पुन्हा मागत होता. आधी स्वतःच्या फोल्डरमध्ये, मग विंडोजच्या, मग आणखी कुठं कुठं, आणि प्रत्येक ओळीपुढं सापडली नाही असं लिहिलेलं.

तिनं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! लेबल प्रिंटरची आहे ही."

मग उलगडा झाला. लेबलं छापायची सोय केली तेव्हा मैत्रिणीनं लेबल प्रिंटर आणला होता. त्याच्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर मशीनवर टाकताना ही फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन बसली. उमरीच्या जुन्या कॉम्प्युटरवर तिनं स्वतः जाऊन प्रिंटर जोडून दिला होता, म्हणून तिथंही चालायचं. तो कॉम्प्युटर जळाला, त्याच्याबरोबर प्रिंटरही. नव्यावर कुणी काही टाकलं नाही. आणि या मुलीनं मैत्रिणीच्या मशीनमधलं काडीभर हलवलं नव्हतं, दुसऱ्या कुठल्या मशीनवर प्रोग्रॅम चालवूनही पाहिला नव्हता, म्हणून तिला ही चूक कधी दिसलीच नाही.

"म्हणजे मी इतकं जपत बसले आणि त्यामुळंच," ती म्हणाली.

मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही.

ती फाइल मैत्रिणीच्या मशीनवरून उचलून प्रोग्रॅमच्या शेजारी ठेवायची, एवढंच काम होतं. ठेवली, तर आता तिसरा निरोप. चुकीच्या स्वरूपाची फाइल लोड करायचा प्रयत्न झाला. तिला लगेच समजलं. आमचा प्रोग्रॅम जुन्या बत्तीस बिटांचा, आणि उचललेली फाइल चौसष्ट बिटांची; एका जातीला दुसरी चालत नाही. दोन्ही जातींच्या फायली विंडोजमध्ये वेगवेगळ्या फोल्डरांत असतात.

"मग त्या दुसऱ्या फोल्डरमधली घ्या. ते बघा, नावातच चौसष्ट आहे, ते सोडून दुसरं."

"आपण त्या दुसऱ्यातूनच घेतली, मॅडम. ज्याच्या नावात चौसष्ट आहे त्यात बत्तीसच्या ठेवतात."

"आणि चौसष्टच्या?"

"ज्याच्या नावात बत्तीस आहे त्यात."

मी तिच्याकडं बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

"कुणी लावलीत ही नावं?"

"कुणास ठाऊक. त्याला तुमच्या ग्रंथालयात वर्षभर बसवायला पाहिजे, रोज दप्तर लावायला."

आम्ही दोघी हसलो. बाहेरून भाऊजींनी विचारलं, "काय झालं गं?" या खोलीतून हसण्याचा आवाज त्यांनी बऱ्याच दिवसांनी ऐकला असावा.

बरोबरची फाइल ठेवल्यावर माझ्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडला. धुंडाळा चालला, छापखाना चालला. निलंग्याच्या मुलीनं हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "एक सांगू, मॅडम? तुमचं नाव ऐकून ऐकून मला वीट आला होता."

"माझं?"

"काही नवीन केलं की ताईंचं सुरू. नांदेडला हे असं नव्हतं. नांदेडच्या मॅडमला हे पटणार नाही. रंगाचा रकाना काढला, त्या दिवशी दिवसभर गप्प होत्या. तुम्हाला फोन करणार म्हणाल्या, केला नाही. मी म्हटलं, कशाला इतकं? तर मलाच ओरडल्या. मला वाटायचं, आपण काहीही करा, यांच्या डोक्यात दुसरंच कुणीतरी बसलंय."

मी इतकी वर्षं तिचा हेवा करत होते तेव्हा इथं बसून ती माझा करत होती. हे कळल्यावर माणसाचं मन मोकळं व्हावं, असं पुस्तकांत असतं. माझं झालं नाही. मैत्रीण दिवसभर गप्प होती, तेव्हा मी तिथं का नव्हते, एवढंच मनात आलं. ती गप्प बसलेली या मुलीनं पाहिली होती. मी पाहिली नव्हती.

नंतर एक काम राहिलं होतं, ते आम्हा दोघींना जड गेलं. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम उमरीला द्यायचा, तर त्याला नवीन आवृत्ती क्रमांक द्यायला पाहिजे. नाहीतर हदगावला कुठला आहे, किनवटला कुठला आहे, कळणार नाही, आणि पुन्हा तोच न जुळण्याचा निरोप येत राहील. तिनं प्रकल्पात क्रमांकाची ओळ उघडली. शेवटचा क्रमांक मैत्रिणीनं टाकला होता. दवाखान्यात जायच्या आधी.

"असाच राहू दिला तर?" मी विचारलं.

"मलाही तसंच वाटतंय," ती म्हणाली. "म्हणून मी आजवर बदललाच नाही. तीन लहान दुरुस्त्या केल्या मी, पण क्रमांक हाच ठेवला."

आम्ही त्या आकड्याकडं बघत बसलो. तो बदलला की हा प्रोग्रॅम तिचा राहत नव्हता, निदान अगदी तसाच राहत नव्हता. तिच्यानंतरचा होत होता. न बदलला तर वाचनालयांत गोंधळ होऊन वर्षभरात बंद पडत होता. एवढी साधी गोष्ट होती, आणि आमच्यापैकी कुणाचाही हात कीबोर्डकडं जात नव्हता.

"तुम्ही टाका, मॅडम," ती उठून उभी राहिली.

मी त्या खुर्चीवर बसले. ती मुलगी माझ्यापेक्षा उंच आहे, तिनं खुर्ची तिच्या मापानं वर केलेली होती. माझे पाय जमिनीला नीट टेकत नव्हते. मी शेवटचा आकडा खोडला, आणि त्याच्या पुढचा लिहिला. मग म्हणाले, "बांधायचा मात्र माझ्या लॅपटॉपवर. इथं नको. इथं चूक दिसत नाही."

"हो," ती म्हणाली. "यापुढं तुमच्याकडंच बांधू." आणि डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेली. हे बोलणं तिला किती महाग पडलं ते मला कळत होतं. तिच्याकडून काहीतरी माझ्याकडं आलं, याचा मला त्याही क्षणी आनंद होत होता. दोन्ही खरं होतं.

दोन दिवसांनी मी सकाळच्या गाडीनं उमरीला उतरले. वाचनालयात काका आणि समितीतला एक तरुण सदस्य बसले होते. सदस्य मोबाइलवर होता. मी पेन ड्राइव्हवरून प्रोग्रॅम टाकला आणि बाजूला झाले. काकांनी चष्मा लावून चिन्हावर दोनदा दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग पडदा उघडला. काकांनी त्यांच्या जुन्या सवयीनं शोधात एक नाव टाकलं. पुस्तकं खाली खाली येत गेली.

"हाय की सगळं!" काका म्हणाले. "बघा हो भाऊ. हाय का न्हाई? तुमच्या कंपनीवाल्याला म्हणावं, उमरीला येऊ नको."

सदस्यानं मान वर केली. "पण काका, परत बंद पडला तर? त्या मॅडम तर वारल्या ना? आता बघायचं कुणी?"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "हाव, ते तर विचारायचं राहिलंच. पुढं काही अडलं तर फोन कुणाला करायचा मॅडम? लातूरला का तुम्हाला?"

मला एकच उत्तर द्यायचं होतं. ते तोंडात तयार होतं, कित्येक वर्षांपासून. मला, फक्त मला. आणि पुन्हा कधी चुकीच्या स्वरूपाचा निरोप आला तर मी पुन्हा भलत्याच फोल्डरमध्ये शोधत बसले असते, हेही मला माहीत होतं.

"मला करा," मी म्हणाले. "मी तिला विचारून सांगते."